बत्तीसपैकी सोळा

सोमवारी दुपारी तेवीस हा आकडा आला आणि तिथून पुढे आठवडाभर मला एका जागी धड बसवेना.

तेवीस यायला नको होते. सोळाच्या आसपास यायला हवे होते. का, ते सांगते.

आमच्या विभागात सहा माकडं आहेत. त्यांतली कामाला सगळ्यात चोख म्हणजे वकीलीणबाई. हे नाव काकांनी ठेवलेलं. काका म्हणजे माकडांची देखभाल करणारे आणि प्रयोगात मला हात देणारे. सगळी इमारत त्यांना काकाच म्हणते. डबा निवडायच्या आधी ही बाई एकदा इकडे बघते, एकदा तिकडे बघते, खाली मान घालून जरा थांबते आणि मग समोरच्यावर उपकार केल्यासारखा हात पुढे करते. "फी घेतल्याशिवाय बोलायची नाही," असं काका म्हणायचे.

प्रयोग साधा होता. पत्र्याचे दोन सारखे डबे, झाकणं लावलेले. पडद्याआड काका एका डब्यात बदाम टाकतात, दुसरा रिकामा ठेवतात. पडदा वर जातो. काका एक डबा हलवतात आणि ट्रे जाळीपाशी सरकवतात. भरलेला डबा खडखडतो, आणि खडखडणाऱ्या डब्यावर हात ठेवायला कुठलंही माकड दोन दिवसांत शिकतं. त्याला विचार लागत नाही. आवाज आला की खाऊ, एवढी गाठ डोक्यात बसली की झालं.

आमचा प्रश्न त्याच्या पुढचा होता. काकांनी रिकामाच डबा हलवला तर? काहीच वाजत नाही. आता माकडाला स्वतःशी म्हणावं लागतं, हा हलला पण वाजला नाही, म्हणजे यात नाही, म्हणजे त्यात आहे. हे 'म्हणजे' माकडाच्या डोक्यात असतं का, हेच आम्ही सात महिने शोधत होतो. पुन्हापुन्हा घेतल्या तर अशा मुक्या फेऱ्यांचीही सवय होते, म्हणून त्या मोजक्याच, खडखडाटाच्या फेऱ्यांत विखरून घेतल्या. एकूण अठ्ठेचाळीस. नुसत्या अंदाजाने चोवीस बरोबर आल्या असत्या. बाकीची पाच माकडं चोवीस-पंचवीसवर घुटमळली. वकीलीणबाईंनी छत्तीस दिल्या.

त्या छत्तीसवर सगळं उभं होतं. शुक्रवारी तिघांची समिती येणार होती. छत्तीस पटले तर प्रकल्पाला आणखी तीन वर्षं. नाही पटले तर प्रकल्प बंद, आणि प्रकल्पाबरोबर माझी जागाही.

"त्या तिघांतला एक म्हातारा फार खवट आहे," आमच्या प्रकल्पप्रमुख मॅडम सोमवारी सकाळी म्हणाल्या. "तो विचारणार, डबा हलवलाच नाही तर ही बाई काय करते? कोऱ्या फेऱ्या घेऊन टाक. बत्तीस पुरेत."

कोरी फेरी म्हणजे काका काहीच हलवत नाहीत, नुसता ट्रे पुढे करतात. माकडाला काहीच कळलेलं नसतं, त्यामुळे बत्तीसपैकी सोळाच्या आगेमागे बरोबर यायला हवं. आले तेवीस.

म्हणजे डबा न हलवताही बदाम कुठे आहे ते तिला बऱ्यापैकी ठाऊक होतं. मग आमच्या छत्तीसला काय अर्थ उरला? तिला कुठून तरी बातमी फुटत होती. ती फट शुक्रवारच्या आत शोधून बुजवायची होती.

मी शास्त्राची पदवी घेतली आहे. एकेक शक्यता खोडत जायचं, हे मला शिकवलेलं आहे. वास? मी दोन्ही डबे आतून बदामाने घासून घेतले. डब्यावरचा ओरखडा, पोचा? नवे डबे आणले. बदाम टाकतानाचा आवाज? काकांना म्हटलं, दोन्ही डब्यांत हात घाला, दोन्ही झाकणं सारखीच वाजवा. मंगळवारी पुन्हा बत्तीस फेऱ्या. पुन्हा तेवीस.

वास नाही, डबा नाही, आवाज नाही. राहिलं कोण? बदाम कुठे आहे हे खोलीत एकट्या काकांनाच माहीत असायचं. मी तयार केलेल्या तक्त्यात बघून ते बदाम ठेवायचे. शिवाय वकीलीणबाईंवर त्यांचा जीव. तिच्याशी ते तास तास बोलायचे, तिच्या सुनेच्या कागाळ्या ऐकल्यासारखी मान डोलवायचे. तिला सून नाही, ही गोष्ट वेगळी.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही तोंड झाकून घ्याल का? आणि पाठ करून उभं राहा. ट्रे मागे हात करूनच ढकला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी तिला डोळा मारतो, असं वाटतंय का तुला?"

"तसं नाही. मुद्दाम नसतं. माणसाला कळतही नाही, पण शरीर हलतं."

"बरं बाई. घुंघट आण."

डोक्यावर कागदी पिशवी घालून, भिंतीकडे तोंड करून काकांनी सोळा फेऱ्या दिल्या. मध्येच पिशवीतून आवाज आला, "वकीलीणबाई, ओळखलंत का मला?" एरवी मी हसले असते. सोळापैकी बारा बरोबर आल्या. मी मनात म्हटलं, हाताने. ट्रे ढकलताना हात एका बाजूला जास्त जोर लावत असणार. बाकी सगळं खोडून झालं होतं, म्हणून जे उरलं ते खरंच असलं पाहिजे.

संध्याकाळी मी मॅडमना सांगितलं. "खात्री आहे का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "दुसरं काही उरत नाही." बुधवारी सकाळी काकांना भांडारात बसवलं आणि त्यांच्या जागी पक्ष्यांच्या विभागातला एक उंच माणूस आला. त्याला सगळे लंबू म्हणतात. काकांनी जाताना वाद घातला नाही. आपला जेवणाचा डबा घेतला, पाण्याची बाटली घेतली आणि वकीलीणबाईंच्या जाळीपाशी उभं राहून म्हणाले, "साहेब बदललेत. जरा सांभाळून घ्या." माझ्याकडे बघितलंच नाही.

लंबूबरोबर बत्तीस कोऱ्या फेऱ्या घेतल्या. बरोबर सोळा.

मी आकडा मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्या खुर्चीतून उठल्याच. "सापडली फट! माणूस बदलला, आकडा खाली आला. याहून स्वच्छ काय हवं? आता छत्तीसमधून काकांचा वाटा वजा करायचा. लंबूबरोबर थोड्या मुक्या फेऱ्या घे, वीसच घेतल्या आणि बऱ्या आल्या तरी शुक्रवार निघून जाईल."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, जिन्यापर्यंत. जिन्यात मी थांबले. बत्तीसपैकी सोळा. ना पंधरा, ना सतरा. नेमके सोळा येणं काही अशक्य नाही, सात वेळांतून एकदा येतातच. पण मला ते टोचायला लागलं. मी परत खाली गेले, फेऱ्यांची वही उघडली. वकीलीणबाईंनी काय निवडलं होतं? डावा. डावा. डावा. डावा. बत्तीसच्या बत्तीस वेळा डावा. नवा माणूस बघून बाई रुसल्या होत्या. ट्रेकडे न बघताच हाताला येईल तो डबा दाबत होत्या. म्हणजे हे सोळा तिचे नव्हतेच. ते माझ्या तक्त्याचे होते. मीच तक्त्यात सोळा डावे आणि सोळा उजवे घातले होते. बाईंच्या जागी एखादी वीट ठेवली असती तरी सोळाच आले असते.

मग लंबूच्या सोळावरून काकांबद्दल काहीच सिद्ध होत नव्हतं. एवढं कळलं, पुढचं कळेना. मी बसने घरी गेले. दोन थांबे आधी उतरले, कारण बसवेना. जेवताना आई म्हणाली, "खुर्चीला काटे आहेत का?"

गुरुवारी सकाळी माझी धाकटी बहीण स्वयंपाकघराच्या टेबलावर सराव-परीक्षा सोडवत होती. चार पर्यायांची. एका हातात टोस्ट, दुसऱ्या हातात पेन्सिल, आणि पेन्सिल भराभर चाललेली.

"वाचतेस तरी का प्रश्न?" मी विचारलं.

"येतो तो वाचते. नाही येत त्याला वाचून काय करू?"

"मग उत्तर कसं देतेस?"

"ताई, तू फारच सरळ आहेस गं," ती म्हणाली. "सलग दोनदा 'क' आला की तिसऱ्यांदा 'क' नसतो. पेपर काढणाऱ्यांना भीती वाटते. तीनदा 'क' दिला तर लोक म्हणतील काहीतरी चुकलंय. आणि शेवटी सगळे पर्याय सारख्या वेळा यायला हवेत, म्हणून जो कमी आलाय तो टाकायचा. गेल्या वेळी मला यामुळे सात गुण जास्त पडले."

"लबाड."

"हुशार म्हण. आणि माझा टोस्ट का उचललास?"

तो माझ्या हातात कधी आला ते मला कळलं नव्हतं. मी तो तिच्या ताटलीत परत ठेवला आणि चपला घालून निघाले. आई मागून काहीतरी म्हणाली.

तक्ता करताना मी दोन नियम लावले होते. बदाम एका बाजूला सलग दोनदाच, तिसऱ्यांदा नाही. आणि दर चार फेऱ्यांत दोन डावीकडे, दोन उजवीकडे. का? माकडाला एकाच बाजूची सवय लागू नये म्हणून. मी सवयीचा एक दरवाजा बंद करायला गेले आणि शेजारची अख्खी भिंत पाडून ठेवली. चारपैकी तीन फेऱ्या झाल्या की चौथी ठरलेलीच. सलग दोन झाल्या की तिसरी ठरलेलीच. बसमध्ये मी बोटांवर हिशेब केला. फक्त मागच्या फेऱ्या लक्षात ठेवून खेळणाऱ्याला दर बत्तीसपैकी साधारण तेवीस मिळतात.

तेवीस. दोन्ही दिवशी आलेला तोच आकडा.

वास नाही, डबा नाही, आवाज नाही, म्हणून काका. माझ्या यादीत मी स्वतःला धरलंच नव्हतं.

भांडारात काका पिशव्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, चिठ्ठ्या चिकटवत राहिले.

"म्हणजे तो कागद," ते शेवटी म्हणाले.

"हो. माझा तक्ता."

"ते मला ठाऊक होतं."

"काय?"

"अगं, दोन महिने झाले, मी कागदाकडे न बघताच ओळखतो. दोन डावे झाले की हात आपोआप उजवीकडे जातो. मग बघून खात्री करतो, चूक नको म्हणून. चारांत एखादंच चुकतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कुणाला? तू मला विचारलंस कधी? तू म्हणालीस, तोंड झाका. मी झाकलं. म्हणालीस, पाठ करा. केली." त्यांनी चिठ्ठी अंगठ्याने घट्ट दाबली. "मला वाटलं, ते तुम्ही मुद्दामच केलं असेल. शिकलेली माणसं. कशासाठी तरी असेल."

 मी म्हटलं, "काका, माझं चुकलं. मॅडमना मी तुमचं नाव सांगायला नको होतं."

"नको होतं," ते म्हणाले, आणि उठले. "चल. ती उपाशी बसली असेल. लंबूच्या हातचं खात नाही."

त्या दिवशी तक्ता आम्ही टेबलाच्या खणात टाकला. पडद्याआड काका नाणं उडवायचे. छापा आला तर डावा, काटा आला तर उजवा. पिशवी नाही, घुंघट नाही. काका नेहमीच्या जागी, तोंड ट्रेकडे, डोळे उघडे. बत्तीस कोऱ्या फेऱ्या. बरोबर आल्या पंधरा. वकीलीणबाई दर दोन फेऱ्यांनी हात बदलत होत्या, आणि रिकामा डबा निघाला की जाळीवर थाप मारत होत्या. सात महिने चाललेला कायदा कुणीतरी न सांगता बदलला होता.

काका कधीच बातमी फोडत नव्हते. आणि छत्तीसमध्ये खऱ्या विचाराचा वाटा किती, शून्य की थोडा, हे आता कुणीही सांगू शकत नव्हतं. मुक्या फेऱ्या नाण्याने नव्याने घ्यायला महिना लागणार होता. हातात उरली होती एक संध्याकाळ.

मॅडमनी सगळं ऐकलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"सोमवारपासून नाण्याने घेऊ," त्या म्हणाल्या. "उद्या छत्तीस आणि सोळा दाखवू."

"पण ते सोळा काकांमुळे नाहीत."

"सोळा हा आकडा खोटा आहे का?"

"आकडा खरा आहे. पण त्यातून निघतं ते खोटं आहे."

"त्यातून काय निघतं ते समिती बघेल. अगं, तुझ्यासाठीच म्हणतेय मी. प्रकल्प राहिला तर चूक दुरुस्त करायला तीन वर्षं मिळतील. प्रकल्प गेला तर दुरुस्त काय करशील, घरी बसून?"

त्यांचं म्हणणं मूर्खपणाचं नव्हतं, म्हणून तर त्रास झाला. आम्हाला प्रश्नाचं उत्तर हवं होतं, आणि उत्तर शोधायला खोली हवी होती, माकड हवं होतं, वेळ हवा होता. त्याच्या बदल्यात एवढंच द्यायचं होतं की काकांनी गडबड केली असं तीन अनोळखी माणसांना वाटू द्यायचं. काका भांडारात राहिले असते. त्यांनी वादही घातला नसता.

शुक्रवारी अकराला समिती आली. खवट म्हातारा खरंच खवट होता. खोलीत आल्या आल्या त्याने खिडकी उघडायला लावली आणि मग वारा येतो म्हणून बंद करायला लावली. मॅडमनी छत्तीस दाखवले. मग तेवीस. मग माणूस बदलल्यावरचे सोळा.

"म्हणजे गळती त्या मदतनिसामुळे होती?" म्हाताऱ्याने विचारलं.

 मॅडम माझ्याकडे बघत होत्या. नको म्हणत होत्या की तूच बोल म्हणत होत्या, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही.

"नाही," मी म्हटलं.  "माझ्यामुळे होती. एक मिनिट देता का? मी एक यादी वाचते. तुम्ही फक्त पुढचं सांगा."

मी खणातला तक्ता आणला होता. "डावा, उजवा, उजवा."

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. "डावा," तो म्हणाला.

"बरोबर. उजवा, उजवा."

"डावा," आता तिघांपैकी दोघं एकदम म्हणाले. तिसऱ्या बाईंनी हसून हात वर केला, वर्गातल्यासारखा.

"तुम्ही विचार केलात की सवय लागली, ते मला ठाऊक नाही," मी म्हटलं. "तिच्याबद्दलही नाही. लंबूबरोबरचे सोळा आले कारण ती रुसून एकाच डब्यावर बसली होती. काका पुन्हा आल्यावर, नाण्याने, पंधरा आले."

"मग तुमचं माकड तर्क करतं की नाही?"

"माहीत नाही."

"सात महिन्यांनी?"

"सात महिन्यांनी एवढंच माहीत आहे की मी ते मोजलेलंच नाही."

म्हाताऱ्याने कागदांची कड टेबलावर आपटून सारखी केली. बाकीचे दोघं काही लिहीत होते. मॅडम पाणी प्यायल्या.

तीन वर्षं मिळाली नाहीत. दुपारी पत्र आलं, प्रकल्प महिनाअखेरीस बंद. मॅडमनी ते मला स्वतः वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "काकांना भांडारातून परत आणलंय. तोवर खोली तुझी."  रागावल्या होत्या की नाही, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

महिनाअखेरीपर्यंत कामाचे अकरा दिवस होते. घाई न करता रोज मोजक्याच मुक्या फेऱ्या घेतल्या तरी चाळीसच्या वर होतील, असा मी हिशेब केला. पुरणार नाहीत. काका म्हणाले, "मग बसून काय करणार? आण डबे."

सोमवारी सकाळी आम्ही सुरुवात केली, आधी तीन कोऱ्या फेऱ्या. पडद्याआड नाणं टेबलावर नाचायचं, थांबायचं. डावा. मग पुन्हा डावा. मग तिसऱ्यांदा डावा. वकीलीणबाईंनी पहिल्यात बदाम घेतला, दुसऱ्यात घेतला, तिसऱ्यात उजवा निवडला, तो रिकामा निघाला तशी जाळीवर थाप मारली. चौथी मुकी फेरी होती. पडदा वर गेला. काकांनी उजवा डबा उचलून हलवला. काही वाजलं नाही.

मी खाली बघितलं. वहीत चौथ्या ओळीवर मी आधीच 'उजवा' लिहून बसले होते. डबा हलायच्या आधी. मी ते खोडलं.

वकीलीणबाईंचा हातही उजवीकडे निघाला होता. बोटं झाकणापर्यंत पोचली आणि थांबली. तिने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मग हात मागे घेतला आणि डाव्यावर ठेवला.

काकांनी झाकण काढलं. तिने बदाम घेतला आणि गालात भरला.

काका माझ्याकडे बघत होते, काही म्हणायच्या बेतात. "एका फेरीवरून काही ठरत नाही, काका," मी म्हटलं.  मी 'बरोबर' लिहिलं. "पुढची."